मूळ कंपनीच्या काचेची बाजू

व्हेग्रेव्हिल, ३ जानेवारी

आदरणीय स्तेफानियाताईंना झेनोनचा सविनय नमस्कार.

गुडघ्याची सूज उतरली असावी आणि बारा पदार्थांची तयारी मार्गी लागली असावी, असे गृहीत धरतो. आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणे सहा तारखेला येणाऱ्या उपासाच्या नाताळ-जेवणाला मी एडमंटनला तुमच्या टेबलाशी असेन की नाही, हे सध्या माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर अवलंबून आहे. म्हणून प्रकरण क्रमाने मांडतो.

ऑक्टोबरात खडीच्या ट्रकमागे असताना काचेला तडा गेला. (आपल्या प्रांतात बिनतड्याची गाडी दिसली की लोक नंबरपाटी पाहून ती कुठून आली ते शोधतात, हे मान्य.) परंतु हा तडा आरशामागच्या, लेनवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यासमोरून गेल्यामुळे, मी सरळ जात असतानाही गाडी पिपाणी वाजवून माझ्यावर लेन सोडल्याचा आरोप करू लागली. आयुष्यभर वादविवाद शिकवलेल्या माणसाला पुराव्याविना केलेला आरोप सोसत नाही. ओरिस्यालाही ती पिपाणी सोसेना. काच बदलावी, येथवर आम्हा नवराबायकोचे एकमत होते.

मतभेद पुढे झाला. दुसऱ्या कंपनीने बनवलेली, बाजारातली काच दुकानात तयार होती. मूळ कंपनीची मागवावी लागणार होती. सुरक्षेचे नियम दोन्ही काचा पाळतात, हे मी नाकारले नाही. पण कॅमेरा ज्या काचेतून पाहायला शिकला तिच्या वक्रतेत केसभर फरक पडला, तर त्याच्या साक्षीवर विसंबावे कसे? शेजारच्या वॉल्टर पाव्लुकने पिकअपला बाजारातली काच बसवली आहे. तो म्हणाला, "मास्तर, रस्ता दिसतो ना? मग झालं की." दिसणे आणि यथार्थ दिसणे यांतला भेद मी त्याला चर्चच्या हॉलमध्ये नोव्हेंबरभर समजावला आणि विचारी माणसाने त्याच्या पिकअपमध्ये बसू नये, हे सिद्ध केले. (त्याने प्रतिवाद केला नाही. तो पेरोगी खात होता.)

डिसेंबरात काच आली. खोके आधी उघडून पाहू का, असे दुकानदाराने विचारले. तसे करणे म्हणजे मूळ कंपनीवर अविश्वास दाखवणे, असे मी म्हणालो. त्याने जुनी काच काढली, मग खोके उघडले. आतली काच बिनकॅमेऱ्याच्या गाडीची होती. यातून माझे तत्त्व खोटे ठरत नाही, फक्त गोदामातला कारकून चुकला एवढेच ठरते. दुसरी काच वाटेवर आहे. तोवर गाडी उणे तीस अंशांत पुढून उघडी, दुकानाच्या शेडमध्ये उभी आहे.

ओरिस्या म्हणाली, "तुझा मुद्दा बरोबर आहे ना, झेनोन? मग त्याच्यावरच बसून जाऊ या एडमंटनला." हा युक्तिवाद नव्हे.

निष्कर्ष अबाधित आहे. उशीर हा काचेचा दोष नव्हे.

आपला,
झेनोन ह्रिन्चुक

ता. क. हे पत्र ओरिस्याच तुमच्या हाती देईल. स्वयंपाकाला मदत म्हणून ती आजच निघते आहे, मशरूमच्या रश्श्याचे पातेले मांडीवर घेऊन, वॉल्टरच्या पिकअपमधून.

पुन्हा ता. क. सहा तारखेला वॉल्टर लेकीकडे जेवायला पुन्हा तिकडे येणार आहे. येताना मला घेऊन यावे, असे आपण त्याला सांगावे. आपली इच्छा म्हणून सांगावे. मी विचारले तर तो नोव्हेंबरातला माझा युक्तिवाद मलाच ऐकवील, आणि त्याचे खंडन माझ्याजवळ नाही. तो मी फार काळजीपूर्वक बांधला होता.