मुसाच्या हातात माझी रिक्षा

२ फेब्रुवारी, रविवार

आज स्टँडवर पुन्हा तेच! रिक्षांची शर्यत जवळ आली की मुसाची टेप सुरू. "रूपेश कसला जिंकतो? त्याची गाडी जिंकते. माझ्या अम्मीला बसवा तिच्यात, ती पण पहिली येईल." तीन वर्षं कातळावरच्या शर्यतीत मी पहिला आणि हा दुसरा. पोटात दुखणारच. मी म्हटलं, "गाडी काय आपली आपण वळते? हात लागतो, हात!"

विठूकाका आमच्या स्टँडचे सगळ्यात जुने. त्यांनी तोडगा काढला. यंदा मी मुसाची रिक्षा चालवायची, मुसाने माझी. दोघांत जो पुढे येईल तो स्टँडतर्फे सांगलीच्या मोठ्या शर्यतीला जाणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या — गाढव!

३ फेब्रुवारी

सांगली मला पाहिजे. बस्स.

५ फेब्रुवारी

ऋतिका म्हणाली, "हातावर एवढा भरवसा आहे ना? मग गाडीला काय मिठी मारून बसलायस?" बायको आहे की वकील!

वर तिची लाल नेलपॉलिश संपवली म्हणून शिव्या. मी सुट्या पार्टांवर ठिपके देतो, गॅरेजात बदलाबदल होऊ नये म्हणून. त्यात काय एवढं!

खरं सांगायचं तर मुसाची गाडी माझ्याच मेकची, पण माझी म्हणजे लोणी आहे. त्या लोण्यात मुसा बसणार. जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी

केलं!

माझ्या गाडीतला चांगला प्लग काढून जुना जळका बसवला. गाडी सुरू होते, चालते, पण जोर मागितला की गचके. ब्रेकला हात लावलेला नाही. तेवढा नीच नाही मी. आणि हातच मोठा असेल तर मुसा जिंकेलच की!

९ फेब्रुवारी, रविवार

देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. दोन्ही गाड्या देवळाबाहेर शेजारी लावल्या, मुसाला म्हटलं, "जरा लक्ष ठेव," आणि आम्ही सगळे आत. विठूकाकांनी नारळ धरून स्पीकरवर सुरू केलं — "बा देवा म्हाराजा, कुनी काय वाकडा केला आसंल, तर त्याचा त्याला परत कर रं म्हाराजा!" आम्ही — "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

मग शर्यत. मुसाची गाडी पहिल्याच वळणाला खोकायला लागली. मूठ पिळून पिळून मनगट गेलं, पण बया गचके देत राहिली. मुसा माझ्या गाडीतून सुसाट गेला. जाताना हॉर्न वाजवला — माझाच हॉर्न! तो पहिला. मी शेवटचा.

"भंगार आहे याची गाडी!" मी ओरडलो. विठूकाका म्हणाले, "मग तुजा हात कुटं गेला रं?" अख्खा स्टँड हसला.

१० फेब्रुवारी

एक गोष्ट फक्त मलाच माहीत आहे. मुसा जळक्या प्लगवर जिंकला. जळक्या! म्हणजे हात असतो, आणि तो त्याच्याकडे आहे. मी तीन वर्षं नुसता लोण्यावर घसरत होतो. ऋतिकाला म्हटलं, मुसा खरा ड्रायव्हर आहे. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

माझी गाडी परत येऊन दारात उभी आहे. किल्ली लावावीशी वाटत नाही. खूप वाईट वाटतंय. उद्या मुसाला घरी बोलावून मनापासून शाबासकी देणार.

११ फेब्रुवारी

मुसा आला. मी गहिवरून म्हटलं, "जिंकलास रे." त्याने खिशातून फडकं काढलं, त्यातला जळका प्लग माझ्या तळहातावर ठेवला. लाल ठिपका!

"हा माझ्या गाडीत होता," म्हणाला. "तुम्ही देवळात होता, तेव्हा तुझी गाडी चालू करून बघितली. मग दोन्ही गाड्यांचे प्लग आपसात बदलले. त्याचं त्याला परत — स्पीकरवर ऐकलं मी."

म्हणजे माझा हात शाबूत आहे! आणि हे मी कोणालाही सांगू शकत नाही. सांगलीला तो माझीच रिक्षा नेणार म्हणतो. हो म्हटलं.