तुम्ही बसा, बाई

४ सप्टेंबर

पोचले एकदाची. गाडी उशिरा, टॅक्सीवाला वाट चुकलेला, आणि तरीही मन प्रसन्न आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण असं माझ्या बाबतीत फारसं घडत नाही. इस्पितळात मेट्रन म्हणून आयुष्यभर झोपलेली माणसं सांभाळली, आता निवृत्तीनंतर बसलेले दगड सांभाळायचे. भाचीचंच डोकं हे. म्हणाली, मावशी, तुला घरात करमत नाही आणि शेजाऱ्यांना तू सोसत नाहीस, तेव्हा घे ही नोकरी. तोंडाळ आहे कार्टी. तिची आई गेल्यापासून मीच वाढवली, मग दुसऱ्या कुणावर जाणार? डिसेंबरात तिचं पहिलं बाळंतपण. तेव्हा मी तिच्या उशाशी असणार, हे तिला वचन दिलंय. तोवर इथे मजेत.

संग्रहालय म्हणजे चौकातलं एक लांबट दालन. उंच खिडक्या, वापरून गुळगुळीत झालेली फरशी. भिंतीकडेने सहा दगडी मूर्ती, या मुलखातले जुने देव. सगळे बसलेले. तोंडं अर्धवट उघडी, जणू बोलता बोलता कुणी मध्येच तोडलंय. गुडघ्याखाली मूर्तिकाराने चक्क कामचुकारपणा केलाय, पाय सरळ आसनात विरघळलेले. शेवटच्या मूर्तीच्या नाकावर चष्म्याने पडतात तशा दोन खाचा आहेत. खिडकीशी सातवं आसन रिकामं, वर उशी. ती माझी जागा.

९ सप्टेंबर

नगरपालिकेच्या कारकुनाने पहिलं काम दिलं: दारात लावायला माहितीफलक, विषय जुन्या देवांचा उगम. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने सांगितलेलं मला अजून पाठ आहे. ढग गडगडले, वीज पडली, अडाणी माणूस भ्याला आणि दगडापुढे वाकला. तेच शुद्ध भाषेत लिहून दिलं. कारकून वाचून गालातल्या गालात हसला. म्हणाला, राहू द्या, पुढे तुम्हीच दुरुस्त कराल. मी म्हटलं, माझ्या लिखाणात दुरुस्ती करणारा अजून जन्माला यायचाय.

माणसं मात्र फार अदबशीर. फडकं हातात घेतलं की झाडूवाली धावते, तुम्ही बसा, बाई. खिडकी उघडायला उठले की समोरचा पाववाला दुकान सोडून पळत येतो, तुम्ही बसा, बाई. सगळी नोकरी उभ्याने काढलेल्या बाईला हे ऐकायला गोड लागतं. खोटं कशाला बोलू?

२० सप्टेंबर

मूर्ती बघायला कुणीच येत नाही. येतात ते माझ्यापुढे गाऱ्हाणी मांडायला. पाववाला म्हणाला, बाई, वर्षभर खोकला आहे, एवढा थांबवा. मी झापलं, सिगारेट फेक, उद्या थांबेल. थांबलाही. वर्षभराचा खोकला एका दिवसात जात नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. पण गेला.

घड्याळवाल्याने भावाबद्दल रडगाणं लावलं. तो भर बाजारात शिव्या देतो, त्याचं तोंड बंद करा. मी कंटाळून म्हटलं, बसेल वाचा त्याची, मग कळेल.

२४ सप्टेंबर

घड्याळवाल्याच्या भावाची वाचा गेली.

स्वतः जाऊन पाहिलं. तोंड वाकडं नाही, हातात ताकद आहे, जीभ सरळ बाहेर येते. अर्धांगाचे शेकडो रोगी पाहिलेत मी, हे ते नाही. तो माझ्याकडे बघून भिंतीला चिकटला.

घड्याळवाला आज नवीन उशी घेऊन आला. मखमली. मी ती त्याच्या अंगावर फेकली, तर त्याने ती छातीशी धरली.

२८ सप्टेंबर

राजीनामा दिला. कारकून म्हणाला, जशी तुमची मर्जी. इतक्या सहजी? सामान बांधून ठेवलंय.

१ ऑक्टोबर

आज निघायचं होतं. किल्ल्या द्यायला गेले आणि सवयीने जागेवर टेकले. तेवढ्यात कारकून कागद फडकावत आला. वरून हुकूम आलाय म्हणे, हे काम बाईमाणसाला झेपणार नाही, दुसरा माणूस येतोय, ताबडतोब उठा. ताबडतोब! मला! अख्खी बाजारपेठ दारात जमलेली. झाडूवाली झाडू टाकून पुढे आली, गयावया करत म्हणाली, बाई, तुम्ही नका हो उठू. माझं डोकं फिरलं. मी गरजले, नाहीच उठणार! बघते कोण उठवतंय!

कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पाववाला तर रडला. कारकुनाने कागदाची घडी घातली. दोन्ही बाजू मला दिसल्या. कोरा होता.

२ ऑक्टोबर

उठता येत नाही.

केसातली पिन तळपायात टोचून पाहिली. संवेदना नाही. घोट्याजवळ नाडी लागत नाही. रंग करडा. बोटाने वाजवलं तर टक् असा आवाज येतो.

९ ऑक्टोबर

भूक लागत नाही. मी उठते, असं हजारदा म्हणून झालं. झाडूवालीने माझ्याभोवतीची फरशी पुसली आणि खाली मान घालून सांगितलं, बाई, देवाला स्वतःसाठी मागता येत नाही, दुसऱ्याने मागावं लागतं. मी म्हटलं, मग माग की! ती कोपऱ्यातली धूळ काढत राहिली. म्हणाली, आधीचे मास्तर पण फार कडक होते. पाऊस दिला त्यांनी. नंतर ओठ मिटेनात की हलेनात.

मास्तर. नाकावरच्या खाचा.

१५ ऑक्टोबर

फलक दुरुस्त केला. भीतीतून देव झाले नाहीत. लोकांनी कुणाला तरी आदराने बसवलं, आणि उठू दिलं नाही.

कारकुनाने वाचला. म्हणाला, आता बरोबर आहे. दारात लावला नाही, घडी करून खिशात ठेवला.

२ नोव्हेंबर

मांड्यांपर्यंत. बाहेरच्या कुणीतरी मागायला हवं. भाची! तिने नुसतं म्हणावं, मावशी, ये. पर्समध्ये महिनाभर बंद पडून असलेल्या फोनात थोडीच बॅटरी उरलीय. एकदाच लागेल.

३ नोव्हेंबर

लागला.

पायांचं सांगितलं. म्हणाली, नाटकं नकोत, मला डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको म्हणून सांगितलंय आणि तुझा महिनाभर पत्ता नाही. मी म्हटलं, तू फक्त ये म्हण. ती म्हणाली, आमंत्रण हवंय होय राणीसाहेबांना? मी म्हटलं, म्हण गं. माझा आवाज चढला. तिचाही चढला. माझंच तोंड आहे ते. म्हणाली, नको येऊस जा, बस तिथंच, कायमची बस.

आणि मी — सवयीने — बसते, म्हटलं.

फोन बंद.

२० नोव्हेंबर

छातीपर्यंत. लोक मागतात. मी दात आवळून गप्प. हनुवटी जड —

६ डिसेंबर

उजवा हात आहे अजून. दिवस भरले असतील तिचे. एकटी —

पाववाल्याला जवळ बोलावलं. म्हटलं, तुझा खोकला घालवला ना मी? मग माझ्या भाचीसाठी माग. फक्त तिच्यासाठी. माझ्यासाठी नाही.

तो गुडघ्यांवर बसलाय. रडतोय. शब्द जुळवतोय मूर्ख. लवकर —

तोंडं उघडी का, ते कळलं आता. सगळेच कुणासाठी तरी —

मागितलं त्याने. सुखरूप सुटू दे म्हणाला. मी म्हणतेय. जीभ — ओठ — होईल, सुख