बैल किती वेळ उभे होते

माय, तू मला विसरली असशील, हे मी धरूनच चालते. चार महिन्यांत तू मला सात नावांनी हाका मारल्यास आणि त्यातली दोन तर तुझ्या बैलांची होती. म्हणून आठवण करून देते. पारोळ्याच्या किल्ल्यामागच्या पडीक जागेवर तुम्हा लोहारांच्या गाड्या उतरल्या होत्या. आमच्या गावात पहिला टीव्ही आला, ते साल. कडेवर पोर घेऊन तुझ्या भात्याजवळ येऊन बसलेली शेतकऱ्याची सून, ती मी. नवऱ्याने दीपनगरला दुसरं घर मांडलं होतं आणि सासूने मला दार दाखवलं होतं. नात लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नव्हतं. ती विचारते, "आजी, मग हे वाचणार कोण?" मी म्हटलं, तू लिही गुमान.

मला एकच विचारायचं आहे. तू मला टाकून गेलीस, की मीच तुला सोडलं? इतकी वर्षं झाली, मला उलगडत नाही.

पहिल्या दिवशी तू भाकर पुढे केलीस आणि म्हणालीस, "खाय." मी म्हटलं, "नको, माले भूक नही शे." सकाळपासून पोटात पाणी सोडून काही नव्हतं. पण आमच्यात पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा लाजायचं आणि तिसऱ्यांदा घरची बाई ताटात वाढूनच टाकते. मी दुसऱ्यांदाची वाट बघत बसले आणि तू माझी भाकर तुझ्या लेकाला देऊन भाकरीची टवली पुसून पालथी घातलीस. पोरीला दूध दिलंस, मला काही नाही. दुसऱ्या दिवशी तू "खाय" म्हणायच्या आत मी घास तोडला होता. तू हसलीस. म्हणालीस, नको म्हटल्यावर परत विचारायचं म्हणजे समोरच्याला खोटं ठरवायचं. मी मान डोलावली. भाकरीपुरतं मला ते समजलं.

मग मी तुमच्यातलीच झाले म्हण ना. अमळनेर, धरणगाव, परत धुळ्याच्या वाटेवर. गाडीच्या मागच्या बाजूला, उलट्या बांधलेल्या खाटेखाली माझी जागा. पोरीची झोळी तिथेच. प्रत्येक मुक्कामाला मी विचारायचे, "इथे किती दिवस?" तू म्हणायचीस, काम सरे तोवर. "मग पुढे कुठे?" तू बैलांकडे बोट दाखवायचीस. अजून डोळ्यांपुढे आहे, तुमचा म्हातारा सांडशीत लाल लोखंड धरतो आहे, ऐरणीच्या पलीकडे तू उभी आहेस, आणि घण माझ्या हातात देते आहेस. आमच्याकडे बाईने नांगराला हात लावला तरी लोक बोलतात, आणि इथे बाईच घण मारते. मी पाच घाव घातले, पाचही हळू. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "लोखंडले इचारी इचारी मारस का?" बठ्ठी गाडी, लेकराबाळांसकट, हसली. मी रागाने सहावा घातला, तो बरोबर बसला. त्याच लोखंडाचा विळा तू मला दिलास. अजून त्यानेच भाजी चिरते.

मृग जवळ आला तेव्हा पारोळ्यात परत उतरलो होतो. फैजपूरहून भाऊ आला, म्हणाला, "गुरुवारी न्यायला येतो, तयार राहा." मला जायचं नव्हतं. भाऊ न्यायला येतो आहे, एवढंच मी तुला सांगितलं आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि भाता ओढू लागलीस. गुरुवारी सकाळी तुम्ही गाड्या जुंपल्या. मी पोरीला घेऊन चुलीच्या दगडांपाशी उभी. मागची जागा रिकामी दिसत होती. तू कासरा धरून पुढे बसली होतीस, पाठमोरी. बैल उभे. मला वाटलं, जुवाची दोरी नीट करते आहेस. मला वाटलं, आता मागे बघून चल म्हणेल. तू मागे बघितलं नाहीस. मग गाडी हलली.

नंतर, ही नात पाळण्यात होती तेव्हा, तुझा लेक बाजारात कुऱ्हाडी विकताना दिसला. त्यानेच सांगितलं, तू धुळ्याच्या रस्त्यावर गाडीतच प्राण सोडलास, त्याला बरीच वर्षं झाली. मी विचारलं, माय माझ्यावर रागावली होती का? तो हातातली कुऱ्हाड खाली ठेवून माझ्याकडे वळला. म्हणाला, "मायनी तर बैल कितला येळ धरी ठेवात. तू बसनी का नही?"

आता सांग, मी काय समजायचं? तुमच्यात बैल थांबवणं म्हणजेच बोलावणं होतं, की तुझी कंबर दुखत होती म्हणून तू थांबलीस? नात म्हणते, "आजी, सरळ आहे, ती थांबली होती." तिला सगळंच सरळ दिसतं, ती शाळेत गेली आहे. बरं, आता पत्ता काय घालू, असंही विचारते. गाडीला कुठला पत्ता? कागद विळ्याखाली ठेव म्हटलं.

एक मात्र कबूल करते, नातीलाही हे माहीत नव्हतं. तू मागे वळून चल म्हणाली असतीस, तरी मी पहिल्यांदा नकोच म्हटलं असतं. आणि तू ते खरं मानलं असतंस.

काही पाठवणारच असशील, तर ती तुझी जाड भाकर पाठव, बाजरीची, एका बाजूने करपलेली, वर लसणाची चटणी. आणि एकदाच "खाय" म्हण. मी हात धुऊन बसले आहे.