बायको का धावते: एक तपास

३ तारीख, सोमवार. पहाटे ५.४०
बायको आजही धावायला गेली. महिना झाला. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, वजन वाढलेलं नाही, बक्षीसबिक्षीस काही नाही. मग का? विचारलं तर म्हणते, बरं वाटतं. हे काय कारण झालं? मी पंपांच्या कारखान्यात क्वालिटी तपासतो. कारणाशिवाय पंपसुद्धा आवाज करत नाही. पाणी कुठेतरी मुरतंय.

४, मंगळवार
संशय: तिच्या धावण्याच्या ग्रुपमधला दंतवैद्य. धावताना हसतो. असा माणूस सरळ नसतो. माझा संसार आहे, मी काय डोळे मिटून बसू? उद्यापासून मीही धावणार. रोज पाच किलोमीटर.

५, बुधवार
धावलो. दुसऱ्या खांबापर्यंत. मग बाकावर बसलो, बसून निरीक्षण चांगलं होतं. दंतवैद्य बायकोच्या अर्धा किलोमीटर पुढे होता. मुद्दाम अंतर ठेवतो. लेकाचा हुशार आहे.

७, शुक्रवार
काल गुडघा. रजा.
आज फॉर्म वाटले: 'आपण का धावता?' नाव लिहायचं नाही, म्हणजे लोक खरं लिहितात. कारखान्यात हीच पद्धत. एकूण सहा जण: दंतवैद्य, निवृत्त पोस्टमास्तर, जुळे भाऊ, ड्रॉइंगच्या बाई आणि बायको. बायकोने हात जोडले, पण फॉर्म भरला.

८, शनिवार. दुपारी
फॉर्म वाचले. रिटायर झाल्यावर घर खायला उठतं: पोस्टमास्तर. भावाला हरवायचंय: असे दोन. 'दिवसभर माझ्यासमोर लोक घाबरून बसतात, इथे कोणी घाबरत नाही': दंतवैद्य. सुटला, तूर्तास. 'अजून लग्न का नाही, हे इथे कोणी विचारत नाही': ड्रॉइंगच्या बाई.
सहावा: 'तेवढा एक तास नवरा प्रश्न विचारत नाही.'
अरेरे! काय पिडत असेल तो बिचारीला! काही पुरुषांना समजच नसते. कोण असेल हा?

शनिवार, संध्याकाळी
ग्रुपमध्ये बायका दोनच. पुन्हा मोजल्या. दोनच.

९, रविवार. सकाळी ७.१०
मी गेलो नाही. बायको आली, शूज काढत बसली. किती झाले, कोण कोण होतं, उशीर का झाला, सगळं जिभेवर आलं. गिळलं. वाईट वाटत होतं, खरंच.
पाच मिनिटं पेपर चाळत बसलो. मग तीच आपणहून म्हणाली, आज आठ किलोमीटर झाले. मी नुसतं हं म्हटलं.
उठून जवळ आली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि थर्मामीटर शोधायला गेली.