चार तास की साडेचार

सिरोंचा
१८ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि जंगलातल्या माझ्या बीटवर टॉवर असला तर असतो, म्हणून पुन्हा पत्रच. आम्ही दोघं बरे आहोत. प्रणितची बँकेतली बदली यंदाही टळली.

एक काम आहे. २ फेब्रुवारीला गडचिरोलीला पूर्ण मॅरेथॉन आहे, बेचाळीस किलोमीटरची. मी नाव टाकलं. एकोणचाळिसाव्या वर्षी हे काय काढलं, असं आई म्हणेल. तिला सांगा, वनरक्षकाचे पाय आहेत, रोज चालतातच.

नोव्हेंबरात अहेरीला दहा किलोमीटर बावन्न मिनिटांत झाले. मागच्या रविवारी चंद्रपूरला अर्धी मॅरेथॉन दोन तास चार मिनिटांत. यावरून पूर्ण किती वेळात होईल, ते तुम्ही काढून द्या. तीस वर्षं गणित शिकवलंत, एवढं तर याल. मी ऑफिसात सगळ्यांना चार तास सांगून बसली आहे. आता त्यांच्यासमोर तोंड दाखवायचं आहे.

आईला नमस्कार. लोभ आहेच, पण आकडा जरा दयाळू काढा.

तुमची,
मंजुषा

वरोरा
२७ डिसेंबर २०२४

चि. सौ. मंजुषास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ‘एवढं तर याल’ नव्हे, ‘एवढं तर येईल’. तुझ्या मराठीच्या बाईंना आज काय वाटलं असतं.

वाचनालयात धावण्यावरचं एक पुस्तक मिळालं, त्यातून रीत काढली. अंतर दुप्पट झालं की वेळ नुसता दुप्पट होत नाही, थोडा जास्त लागतो. एका तासाची धाव दुप्पट केली तर दोन तास पाच मिनिटं धरायची. या रीतीनं तुझ्या दहा किलोमीटरवरून पूर्ण मॅरेथॉन तीन तास एकोणसाठ मिनिटांत बसते. हे वाचून तू लगेच उठून नाचशील, म्हणून पुढचंही वाच.

त्याच रीतीनं तुझी अर्धी मॅरेथॉन एक तास पंचावन्नला व्हायला हवी होती. तुला दोन तास चार लागले. म्हणजे पायात वेग आहे, दम अजून कमी आहे. अर्धीवरून काढलं तर चार तास अठरा येतात. त्यात तू एका दमात सर्वांत लांब किती धावलीस, ते कळवलं नाहीस. चोवीस-पंचवीसच्या आत असेल तर आणखी दहा-बारा मिनिटं धर. माझा आकडा साडेचार तास. किलोमीटरला सहा मिनिटं चोवीस सेकंद, पहिल्यापासून. चार तासांच्या वेगानं निघालीस तर तीस किलोमीटरच्या पुढे पाय उचलणार नाहीत, आणि नऊनंतर आपल्याकडचं ऊन फेब्रुवारीतही सोडत नाही.

तुझी आई म्हणते, घरी बसून शेंगदाणे सोल. मी तसं म्हणत नाही. माया कमी केलेली नाही, आकडा मात्र तोच.

तुझे,
बाबा

सिरोंचा
५ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि दोन दिवस मी प्रणितवर खेकसत होती. चंद्रपूरला ऊन होतं, वाटेत चढ होता, आदल्या दिवशी वणवा अडवायच्या जाळरेषेचं काम करून मी गेली होती. हे तुमच्या रीतीत कुठे धरतात?

सर्वांत लांब धाव चोवीसचीच. आमच्या रस्त्यावर वाघाचे पगमार्क दिसले, म्हणून आता गोदावरीच्या पुलापर्यंत आणि परत, असे फेरे मारून राह्यली आहे. पुलाजवळचे दुकानदार तेलुगूत विचारतात की रोज काय हरवतं माझं तिकडं. झोप नीट लागत नाही. जेवताना मनातल्या मनात किलोमीटर मोजते. प्रणित म्हणतो, साडेचार काय वाईट आहे. त्याला काय सांगू?

तुम्हाला सांगते. सोळाव्या वर्षी मी नागपूरला विभागात तीन हजार मीटरला सहावी आली होती. पुण्याच्या खेळाच्या वसतिगृहातून बोलावणं आलं होतं. तुम्ही वहीच्या कागदावर माझे सगळे वेळ मांडले आणि दाखवलं, की या गतीनं पोरगी राज्याच्या पुढे जात नाही, अभ्यास करावा. तो कागद मला अजून दिसतो. या वेळी तुमचं गणित चुकवायचं आहे, म्हणून चार तास.

राग मानू नका. मानलात तरी पत्र पाठवा.

तुमची,
मंजुषा

वरोरा
१४ जानेवारी २०२५

चि. सौ. मंजुषास,
अ. उ. आ.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवत आहे. डबा टपालात फुटला तर प्रणितला दोष देऊ नकोस.

त्या कागदाबद्दल लिहिलंस, ते वाचलं. त्यावर मला काही लिहायचं नाही.

या वेळचं गणित मी तीनदा तपासलं. ऊन धरलं, चढ धरला, तुझा हट्टही धरला. साडेचारच येतात. तुला बरं वाटावं म्हणून आकडा बदलणं माझ्याच्यानं होणार नाही. एक अठ्ठावीसची धाव करून घे, मग शेवटचे आठ-दहा दिवस पायांना आराम दे. वाटेत पाणी पी. एवढं ऐक, मग माझ्यावर हवं तेवढं रागाव.

मलाही हल्ली झोप नाही. पहाटे फिरायला जातो तर हातातल्या घड्याळाकडेच बघत राहतो.

तुझ्या वाटेकडे डोळे आहेत.

तुझे,
बाबा

सिरोंचा
४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

झाली मॅरेथॉन. चार तास बत्तीस मिनिटं.

खरं सांगते, निघाली ती चार तासांच्याच वेगानं. आठव्या किलोमीटरपर्यंत सोबतच्या पोरापोरींच्या पुढे होती. मग श्वास तुटायला लागला आणि तुमची सहा मिनिटं चोवीस सेकंद कानात वाजायला लागली. स्वतःला शिव्या घालत वेग कमी केला. कितीतरी जण मला ओलांडून गेले. रडू येत होतं. बत्तिसाव्याच्या पुढे तेच लोक सागाच्या सावलीत पाय धरून बसलेले दिसले. मी हळूहळू त्यांच्या पुढून गेली. शेवटी फार चालावं लागलं नाही.

प्रणितनं हार आणला होता. मला आनंद झाला नाही. पदक गळ्यात घालून मंडपात बसली आणि एकच गोष्ट मनात आली, की बाबांचं गणित चुकत नाही. म्हणजे सोळाव्या वर्षीचंही बरोबर असेल. मी उगाच इतकी वर्षं मनात धरून ठेवलं. ते आता सोडलं. माझं बोलणं लागलं असेल तर माफ करा.

आईला नमस्कार. तब्येत सांभाळा.

तुमची,
मंजुषा

वरोरा
११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मंजूस,
आईचे अ. उ. आ.

मी सातवी शिकलेली, चुका काढू नको. तुह्या बाबांले न सांगता लिहून राह्यली.

त्या दिवशी ते सकाळपासून अंगणात येरझारा घालत होते. प्रणितचा फोन मीच घेतला. तू पोचली म्हणून सांगितलं तवा खाली ओट्यावर बसले. मले वाटलं आता खुश होतील. पण काल तुहं पत्र वाचलं आणि जेवलेच नाई. पत्र घडी करून परत उघडून राह्यले. मी विचारलं काऊन, तर बोलले एवढंच: “कमळा, पोरीनं माझी माफी मागितली.”

आता मले गप्प राहवत नाई. मंजू, तो वहीचा कागद खोटा होता. त्यांनी पहिले एक खरं गणित केलं होतं. तुहा वेळ दर वर्षी किती कमी होते ते पाहून पोरगी लय पुढं जाईन म्हणत होते, पुण्याले पोचवून द्यायले निघाले होते. नाई म्हणणारी मी होती. सोळा वर्षांची पोरगी, रात्रभराची गाडी, तिथं आपलं कोणी नाई. मले भेव वाटलं, दुसरं काईच कारण नव्हतं. दोन दिवस मी तोंडात पाणी घेतलं नाई. मग त्यांनी दुसरा कागद मांडला. तुले मायचा राग येऊ नये म्हणून. त्यानंतर कोणाले बरं वाटावं म्हणून त्यांनी कधी आकडा बदलला नाई.

म्हणून तू माफी मागू नको. त्यांची बी नको, माही बी नको. मीच मागते.

तिळगूळ पोचला का ते कळव. पत्र टाक, त्यात शिव्या असल्या तरी चालन.

तुही,
आई

सिरोंचा
१९ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिळगूळही पोचला होता, सांगायचं राहून गेलं.

वाचून खूप राग आला. तुझा आला, बाबांचा त्याहून जास्त. काल बीटवर अठरा किलोमीटर चालली, तरी उतरला नाही. मी पुण्याला गेली असती तर काय झालं असतं, ते आता कोणत्याच रीतीनं निघत नाही. तुझ्या जागी मी असती तर पाठवलं असतं की नाही, तेही मला सांगता येत नाही. आज सकाळी पुलावर थांबून बराच वेळ त्याचाच विचार करत होती.

बाबांना हे पत्र वाचून दाखव, लपवू नको. त्यांना म्हणावं, मी माफी परत घेतली आहे, त्यांनी आता जेवावं.

शिवरात्रीला सुटी टाकली आहे. आम्ही दोघं येतो. राग उतरला नसला तरी येते.

तुझी,
मंजू