पहिला घोट

९ ऑक्टोबर, साखरशेत
पोचले एकदाची! जव्हारहून एसटीत शेजारची बाई माझ्या खांद्यावर झोपली आणि तिची कोंबडी माझ्या मांडीवर. सोमीआजीच्या घरी खोली मिळाली आहे. काम मोठं छान आहे. इथले भगत ढवळूबाबा दुखण्यावर एका वेलाच्या मुळीचा काढा देतात. तो वर्षभर रोज घेतला तर बाधतो का, हे मी तपासायचं. गुडघा दुखतो म्हणून चाचणीत पहिलं नाव आजीनंच दिलं. इथली रीत अशी, की औषध देणाऱ्यानं रोज पहिला घोट स्वतः घ्यायचा. देणारी मी, म्हणून घेतला. कडू जहर!

१५ ऑक्टोबर
आजी सकाळी नाचणीची भाकरी थापते आणि पहिला तुकडा चुलीशी ठेवते. तो नवसूचा. तिचा मुलगा, वीटभट्टीवर कामाला गेला आणि तिकडेच वारला. तुकडा ठेवताना रोज रडते, मग डोळे पुसून मला आग्रह करकरून वाढते. आई गेल्यापासून मला असं कुणी वाढलं नव्हतं.

२ नोव्हेंबर
आजीचा गुडघा दुखायचा थांबला! ढवळूबाबांचं म्हणणं, दुखणं गेलं की काढा बंद करायचा, उरलेला वेलाच्या मुळाशी ओतायचा. मी समजावलं, चाचणी दीर्घकाळाची आहे, बरं वाटलं तरी घ्यायचाच. ते चहा न घेताच उठले. आजी माझ्या शब्दाखातर तयार झाली.

१८ डिसेंबर
रक्ताचे रिपोर्ट आले. यकृत, मूत्रपिंड ठणठणीत. पण आज आजीनं निखारा हातानं सरकवला. तळव्याला फोड आले. मीच किंचाळले, ती हसत होती. "काय नाय दुखत, बाय."

५ जानेवारी
आज आजीनं नवसूचा तुकडा ठेवला नाही. विचारलं तर म्हणाली, होता एक पोरगा, मेला. आणि खात राहिली. मी ताट तसंच ठेवून उठले. काढा बंद. होता तेवढा वेलाशी ओतला—

१७ जानेवारी
बंद करूनही फरक नाही. आजीच्या टाचेत केव्हाचा काटा. पाय पोटरीपर्यंत काळा. आणि ती त्याच पायानं पाणी भरत होती— दवाखान्यात नेतेय.

१९ जानेवारी
आजी गेली. जखमेचं विष अंगभर भिनलं होतं. पाडा रडला, ढवळूबाबा रडले. मी नाही. ती माझ्या शब्दावर विसंबली, मी तिचा जीव घेतला. हे लिहितेय, पण आत काही हलत नाही. रोज पहिला घोट माझा होता—

२२ जानेवारी
आईचा फोटो काढून बघितला. एक बाई आहे—

२३ जानेवारी
वही चुलीशी घेऊन बसलेय. स्वतः भाकरी थापली, पहिला तुकडा आजीसाठी काढला. आता रडू येईल. यायलाच हवं. आजी, थोडं तरी—
करपल्याचा वास येतोय. भाकरी तर केव्हाच उतरवली. तव्यावर काही नाही, फक्त माझा डावा—