गोळी चुकली नाही

१२ मे
जतचं लग्न जेवून आलो आणि ह्यांना जुलाब. सकाळपासून आठ वेळा. बीपीची गोळी हातावर ठेवली तर म्हणतात, “अगं, पोटात पाणी ठरंना, आज नको ती.” चाळीस वर्षं संसार केलाय — ह्यांचे बहाणे मला पाठ आहेत. शाळेत पोरांना द्यायची तसा दम दिला. घेतली.

१३ मे
उलट्या पण सुरू. गोळी बाहेर पडली. दुसरी दिली.

१४ मे
कालपासून लघवीच नाही. मुलगा अनीश कराडहून गाडी घेऊन आला. सांगलीला अॅडमिट केलंय.

१५ मे
डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “ही गोळी एरवी किडनी सांभाळते. पण जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की तीच किडनीला जड जाते. अशा वेळी आम्हाला विचारून थांबवायची. कुणी सांगितलं नव्हतं?” नाही म्हटलं. अनीश खाली औषधं आणायला गेला होता. त्याला हे सांगायचा धीर झाला नाही.

१९ मे
डायलिसिसवर असतानाच गेले.

३१ मे
तेरावा. पंगतीत सगळ्यांपुढे अनीश म्हणाला, “आप्पा गोळ्यांची हयगय करायचे, त्यानंच किडनी गेली.” भावकी माना हलवत बसली. आणि मी? गेलेल्या माणसावर आळ येऊ दिला, वर बुंदी वाढत फिरले. लाज वाटते माझी मला.

६ जुलै
दिवसभर रडले. दुसरं काही नाही.

२४ ऑगस्ट
सूनबाईचा, मयूरीचा फोन. अनीशलाही बीपी निघालं — तीच गोळी! मयूरी म्हणते, “आई, तुम्ही आप्पांना द्यायचात तशीच वेळेवर देते मी.” मग मला राहवेना. सांगून टाकलं. जुलाब-उलट्या झाल्या तर आधी डॉक्टरांना विचार, म्हटलं. आप्पांनी एकही गोळी चुकवली नव्हती. ते नको म्हणत होते, मीच दिल्या. “ह्यांना सांगते,” म्हणून मयूरीनं फोन ठेवला.

२५ ऑगस्ट
अनीश आला. बूट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. म्हणाला, “आप्पांना गोळी लिहून दिली तेव्हा ते बाहेर बाकावर होते. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आई — जुलाब झाले तर थांबवा, विचारा. मी घरी सांगायचं विसरलो. तेराव्याला बोललो तेव्हा मला ते आठवत होतं.”